पाठीवरचा वारा

३ मार्च, दुपार

माझं आयुष्य आज सकाळी साडेअकराला बदललं. वेळ नक्की सांगता येते, कारण त्या वेळी मी फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरला बसलेला असायला हवा होतो आणि नव्हतो. पहिला प्रश्न वाचून उठलो होतो. प्रश्न येत नव्हता म्हणून नाही. प्रश्नाची भाषाच अपमानास्पद होती.

रागारागाने बंदरापर्यंत चालत गेलो. यॉट क्लबच्या मागे शिडं शिवायची शेड आहे, तिथे डोकावलो. जमिनीवर पोहण्याच्या तलावाएवढं पांढरं कापड पसरलेलं आणि त्याच्या मधोमध पायात मोजे घातलेली एक मुलगी शिलाई मशीनला शिव्या घालत बसलेली. मला बघून म्हणाली, बूट काढ आणि ते टोक धर.

धरलं. दोन तास धरलं. दोन तासांत ती तीन वाक्यं बोलली आणि तिन्ही कापडाविषयी होती. पण बोलायची पद्धत असते. ज्याला कळायचं त्याला कळतं.

कॉलेज सोडलं. कारण ती नाही. कारण शिक्षणपद्धती.

४ मार्च

घरी सांगितलं. बाबा पंप दुरुस्त करतात, बोलणंही पंपासारखंच, आधी बराच वेळ नुसता आवाज आणि मग एकदम धार. दोन वर्षं पाण्यात घातलीस, म्हणाले. मी म्हटलं, पाण्यातच जातोय. आईला हसू आलं तेवढ्यात बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिने भांडी आवरायला घेतली. ताई रुग्णालयातून ड्यूटी करून आलेली, चप्पलसुद्धा काढली नव्हती, म्हणाली, मुलगी कोण आहे ते सांग.

या घरात कुणालाही ध्येय म्हणजे काय ते माहीत नाही.

२१ मार्च

यॉटवर लागलो. तिनेच कप्तानांना सांगितलं की एक रिकामा मुलगा आहे. 'रिकामा' हा शब्द तिने प्रेमाने वापरला असणार.

आठ जणांची टोळी. बोट शेठची. शेठ स्वतः येत नाही, त्याला किनाऱ्यावरही उलटी होते, पण बोट पहिली आली पाहिजे. कप्तान पूर्वी बंदरात टगबोट चालवायचे. सुकाणूवर बसतो एक दंतवैद्य. रोज दहा तोंडांत हात घालणारा माणूस चाळीस फुटी बोट चालवतो आणि यात कुणालाही काही चुकीचं वाटत नाही. आणि ती. तिचं काम पुढचं मोठं फुगणारं शीड सांभाळणं, म्हणजे स्पिनेकर. दोर तिच्या हातात असतो.

कप्तानांनी माझं नाव 'कॉलेज' ठेवलं. कॉलेज, दोर गुंडाळ. कॉलेज, बादली आण. ज्या गोष्टीला मी लाथ मारून आलो तिच्याच नावाने मला हाक मारतात. अपमानांची यादी करून ठेवतोय.

६ एप्रिल

एक महत्त्वाची गोष्ट कळली. वारा मागून असताना बोटीवर दोघांनीच बोलायचं असतं: सुकाणूवाल्याने आणि स्पिनेकरवालीने. बाकीच्यांनी तोंड बंद. ती सांगते शिडात जोर किती आहे, तो सांगतो बोट कुठे नेतोय. अखंड. तासन् तास.

आणि हे बोलणं सध्या दंतवैद्याच्या वाट्याला जातं.

आज मोजलं. पन्नास मिनिटांत ती त्याच्याशी एकशे बारा वेळा बोलली. माझ्याशी एकदा. "पाय काढ दोरावरून."

संकल्प: सुकाणू.

१७ एप्रिल

कप्तानांकडे सुकाणू मागितलं. म्हणाले, बस. झुळूकच होती, बोट गोगलगायीसारखी चाललेली. पंधरा मिनिटांनी म्हणाले, हात बरा आहे. कप्तान कुणाला बरा म्हणत नाहीत. दंतवैद्याचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार, पण तो सँडविच खात होता.

ती माझ्याशी एकवीस वेळा बोलली. "जोर आहे. जोर आहे. कमी झाला. थोडा वर, वाऱ्याकडे ये. हं, असाच राहा." असाच राहा, असं मला आजपर्यंत कुणी म्हटलेलं नाही. आमच्या घरात तर कुणीच नाही.

३० एप्रिल

सध्या तिचा मूड वेगळा आहे. आधी वाटलं माझ्यामुळे. चौकशी केली. शेडचे मालक म्हातारे झाले म्हणून गेल्या वर्षी त्यांनी सगळं तिच्या हवाली केलं. तेव्हापासून ती दुरुस्त्याच करत होती. शेठच्या बोटीचा हा नवा स्पिनेकर म्हणजे तिच्या स्वतःच्या हिशेबाने कापलेलं, स्वतःच्या नावाचं पहिलं शीड. पुढच्या महिन्यातल्या दोन दिवसांच्या शर्यतीत ते टिकलं, तर आणखी तीन बोटवाले तिच्याकडून शिडं करून घेणार. नाही टिकलं, तर पुन्हा दुसऱ्यांच्या शिडांना ठिगळं.

म्हणजे ते शीड पहिलं आलं पाहिजे. म्हणजे ते चालवणारा हात योग्य पाहिजे. आता मला माझ्यासाठी सुकाणू नको आहे. तिच्यासाठी हवं आहे. हा फरक लिहून ठेवतो.

९ मे, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलं आहे. आज सरावाला खरा वारा होता, मागून, पाठीत गुद्दे घातल्यासारखा. बोट लाटेवरून घसरत होती. अंगात वीज. आणि सुकाणूवर कोण, तर दंतवैद्य, आणि तो दर दोन मिनिटांनी ओरडतोय, "सोड!"

प्रकार असा आहे. मुख्य शिडाखाली (स्पिनेकर वेगळा) एक दोर असतो, तो बूम, म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा, खाली धरून ठेवतो. वाऱ्याचा जोराचा झोत आला की बोट कलते आणि सुकाणू हाताला जड लागतं. तसं लागलं की सुकाणूवाल्याने 'सोड' म्हणायचं. दोरावर बसलेला माणूस दोर सोडतो, शिडातला वारा थोडा सांडतो, बोट सरळ होते. नाही सोडला तर सुकाणूची पाण्यावरची पकड सुटते, बोट स्वतःच गर्रकन वाऱ्याकडे वळते आणि आडवी होते. हे सगळं कप्तानांनी आम्हाला बसवून सांगितलं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, जड लागलं की म्हणायचं, मर्दपणा किनाऱ्यावर दाखवायचा.

माझ्याकडे बघून का?

दंतवैद्य आज एकोणचाळीस वेळा 'सोड' म्हणाला. मी मोजलं. एकोणचाळीस वेळा आपला हात कमी पडतो हे एका मुलीसमोर कबूल करायला माणूस किती निर्लज्ज लागतो. आणि ती परत आल्यावर त्याला म्हणते, आज छान चालवलीस.

संकल्प (पक्का, खाली रेघ मारली आहे): माझ्या हाती सुकाणू आलं तर मी एकदाही 'सोड' म्हणणार नाही.

१५ मे, सकाळी ६

शर्यत. कालचा अख्खा दिवस वाऱ्याला तोंड देत गेला. सगळे ओले. स्वयंपाकघर म्हणजे एक शेगडी आणि तिच्यावर डोकं आपटायला एक कपाट. ताईने दिलेल्या उलटीच्या गोळ्या मी घेतल्या नाहीत. घ्यायला हव्या होत्या असं कुणी म्हणू शकेल.

दीपगृहाच्या खडकाला वळसा घातला की वारा मागे येणार. पुढे दोनच बोटी आहेत. दोरावर दंतवैद्य आणि सुकाणूवर मी अशी पाळी कप्तानांनी लावली आहे, कारण जोराच्या वाऱ्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त कुणाचे हात टिकत नाहीत. माझे टिकतील. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. पुढची नोंद इतिहासाची.

१६ मे, दुपार, घरी

शीड फाटलं.

आम्ही नववे आलो. दहा बोटी होत्या. दहावी आलीच नाही.

बाकी नंतर लिहीन.

१६ मे, जेवणानंतर

नीट लिहितो, म्हणजे डोक्यात घोळ राहणार नाही.

अकराच्या सुमाराला सुकाणू माझ्याकडे आलं. कप्तान हवामानाच्या बातम्या ऐकायला खाली उतरले. जाताना म्हणाले, जड लागलं की. मी मान हलवली. त्यांना वाक्य पुरं करायची गरज वाटली नाही, हा विश्वास.

पहिली वीस मिनिटं मी जशी बोट चालवली तशी कुणी चालवली नसेल. ती दोर ताणायच्या चक्रीपाशी, म्हणजे विंचपाशी, दोर हातात, केस तोंडावर, नजर शिडावर. आणि बोलत होती. फक्त माझ्याशी. जोर येतोय, वाऱ्यापासून खाली जा, अजून खाली, छान. लाटेवरून घसरताना बोटीचा अख्खा सांगाडा गुणगुणायचा. एका बोटीला मागे टाकलं. दंतवैद्य दोरापाशी उकिडवा, हात तयार, माझ्या शब्दाची वाट बघत. मी एकही शब्द दिला नाही. त्याचं तोंड पाहून मला किती बरं वाटत होतं ते इथे लिहीत नाही.

मग तो झोत आला. मागून, काळं पाणी खरवडत. त्याने बोट उचलली. सुकाणू किंचित जड लागलं. अगदी किंचित. तिने विचारलं, "जड आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

यानंतर शीड फाटलं आणि बोट वळली. आवाज असा झाला की जणू कुणी अख्ख्या गावाची चादर फाडली. बोट आडवी, निम्मं डेक पाण्यात, दंतवैद्य गळ्यापर्यंत. सगळे सलामत. कप्तान खालून वर आले ते डोक्याला शेगडीची खूण घेऊन.

शीड फाटलं आणि बोट वळली. हा क्रम.

१८ मे

क्लबच्या वरच्या खोलीत बैठक. शेठ आला होता, पांढरे बूट. त्याचा एकच प्रश्न: आधी शीड फाटलं की आधी बोट वळली? आधी शीड फाटलं असेल तर दोष शिवणाऱ्याचा. आधी बोट वळली असेल तर दोष चालवणाऱ्याचा.

कप्तान म्हणाले, मी खाली होतो. दंतवैद्य म्हणाला, मी दोराकडे बघत होतो, हाक यायची वाट बघत होतो, हाक आली नाही. मुद्दाम म्हणाला. हाक मी मारली होती. मनात.

तिने सांगितलं, आधी बोट वळली. शेठ हसला आणि म्हणाला, शीड तुझंच, तू दुसरं काय सांगणार.

मग मला विचारलं. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं होतं की फाटल्याचा आवाज आधी आला असावा. असावा म्हणालो. आला असं म्हणालो नाही. पण माणसं 'असावा' ऐकत नाहीत. शेठने तिथल्या तिथे जाहीर केलं की टाके कच्चे आहेत आणि तो शीड परत करतोय. बाकीच्या तिघा बोटवाल्यांपैकी दोघे खोलीतच बसलेले होते.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तू नेमकं काय आहेस, असं विचारत असल्यासारखं. मला संताप आला. सगळ्यांसमोर असं बघायची काय गरज होती?

१९ मे

तिच्या भल्याचाच विचार करतोय. मी आज खरं सांगितलं तर शेठ म्हणेल हा तिच्या प्रेमात पडलाय म्हणून बोलतोय, आणि तिची आणखी बदनामी होईल. म्हणून गप्प बसणं हेच तिच्या बाजूने उभं राहणं.

आणि खरं म्हणजे नक्की काय? पाण्यात, वाऱ्यात, तेवढ्या वेळात कोण क्रम बघतं? मी सुकाणू धरून होतो. ते हातात जड झालं, मग हलकं झालं, एकदम रिकामं, जिना संपल्यावरही पाय पुढे टाकावा तसं. मग बोट वळली. मग

हे लिहून उपयोग नाही.

२१ मे

तिघाही बोटवाल्यांनी तिला नकार कळवला. मी पेंढ्याच्या बाहुल्यासारखा बसलेला असताना ही बातमी मला ताईने दिली. ताईला कुणी सांगितलं? दंतवैद्याने. ताई त्याच्याकडे दाढ दाखवायला गेली होती. माझी सख्खी बहीण जगातले सगळे दवाखाने सोडून त्याच्याच खुर्चीत तोंड उघडून बसते.

ताई म्हणाली, तू बोललास ना नीट सगळं? मी म्हणालो, बैठकीत सगळ्यांसमोर बोललो. ती म्हणाली, मी 'नीट' विचारलं. मी ताट सरकवून उठलो. बाबा म्हणाले, अन्नावर राग काढू नकोस, त्याने सुकाणू धरलं नव्हतं.

बाबांनाही माहीत आहे. पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला यॉटमधलं काय कळतं? त्यांना मी काही सांगितलेलं नाही. माझं तोंड बघून कळलं म्हणे. माझं तोंड हा आता सार्वजनिक दस्तऐवज झालाय.

२२ मे

शेडवरून गेलो. आत गेलो नाही, रस्ता तिथूनच आहे (वळसा घेतला तर). फाटलेलं शीड तिने जमिनीवर पसरलं होतं आणि फाटलेल्या कडेवरून भिंग घेऊन गुडघ्यांवर सरकत होती. इंच इंच. टाके तपासत. स्वतःचे टाके, जे चांगले आहेत हे तिला माहीत आहे आणि मला माहीत आहे.

मला इतका राग आला की मी बंदराच्या कठड्याला लाथ मारली. राग कुणाचा ते ठरवायला वेळ लागला. आधी शेठचा. मग कप्तानांचा, त्यांनी तेव्हाच खाली का जावं? मग वाऱ्याचा. बाकी कुणी उरलं नाही.

अंगठा सुजलाय.

२४ मे

संकल्प. या वेळी रेघ मारत नाही.

सांगणार. तिला आधी, मग शेठला, मग क्लबच्या त्याच खोलीत सगळ्यांसमोर. जड लागलं होतं. चांगलंच जड. ती विचारत होती आणि मी खोटं बोललो. बोट आधी वळली, आडवी झाली, शीड पाण्यात बुडालं, मग वाऱ्याने परत हिसका मारून भरलं आणि तेव्हा फाटलं. तशा हिसक्यात लोखंडाचं शीड असतं तरी फाटलं असतं.

यानंतर मला कुणीही सुकाणूला हात लावू देणार नाही. चालेल. समुद्र सोडेन. ती थांबवेल तेव्हा बघू.

भाषण दोन पानी झालंय. उद्या रविवार, शेड बंद. परवा.

(उद्या तिच्या घरी जाता आलं असतं. पण असं एकदम घरी जाणं बरं दिसत नाही.)

२६ मे, संध्याकाळ

गेलो. चार वाजता. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट.

ती मशीनवर होती. शेडमध्ये कापडाच्या नव्या गुंडाळ्या आल्या होत्या, उभ्या लावलेल्या. मी भाषण काढलं नाही, तसंच बोललो. पाठ होतं, पण ते सगळं उलटसुलट झालं. मध्येच अडकलो. शेवटी एवढंच म्हणालो, "जड होतं. तू विचारलंस तेव्हा जड होतं. बोट आधी वळली."

ती थांबली नाही. ओळ संपेपर्यंत शिवलं, मग धागा कापला.

"शेठ सकाळी येऊन गेले," ती म्हणाली.

बोटीत एक यंत्र असतं. मला वाटायचं ते फक्त वेग दाखवतं. ते दर सेकंदाला बोटीची दिशा आणि कल नोंदवून ठेवतं. दंतवैद्याने काल, रविवारी, दवाखाना बंद असल्याने दिवसभर बसून ते आकडे काढले. बोट वळून आडवी झाली, त्यानंतर अकरा सेकंदांनी कल एकदम कमी झाला, म्हणजे शीड तेव्हा गेलं. शेठने ते बघून तिची माफी मागितली, म्हणजे त्याच्या पद्धतीने, आणखी एक शीड सांगून. तिघेही बोटवाले परत आले. गुंडाळ्या त्यांच्याच.

मी विचारलं, मग मला कुणी सांगितलं का नाही.

"तुला काय सांगायचं? तुला माहीत होतं."

मी म्हणालो, मी सांगायलाच निघालो होतो, शनिवारीच ठरलं होतं, लिहूनही ठेवलंय. ती म्हणाली, "शनिवारी आला असतास तर मला बरं वाटलं असतं." अगदी साधं म्हणाली, भाव सांगावा तसं. मी विचारलं, राग आहे का. आठवडाभर होता, म्हणाली. आता वेळ नाही, पंधरा तारखेपर्यंत चार शिडं द्यायचीत.

मी काहीतरी मदतीचं बोललो. तिने नको म्हटलं नाही. ऐकलंच नसावं, मशीन सुरू झालं होतं.

उभा राहिलो. किती वेळ ते मोजलं नाही. बंदरावरून वारा आत येत होता आणि जमिनीवरचं कापड कडेने उचललं जात होतं. तिने एका हाताने ते दाबून धरलं, दुसऱ्या हाताने शिवत राहिली, आणि मान वर न करता म्हणाली, जाताना दार लाव.

बाहेर आलो आणि दार लावलं.